आधी कान, मग अक्षर

चि. मुक्ता हिस,


तुझी ईरा चार वर्षांची झाली तरी अ-आ गिरवत नाही, शेजारचा मुलगा मात्र पान भरून लिहितो, म्हणून तू काळजीत पडलीस. गिरवणं तूर्त राहू दे. त्या कोवळ्या बोटांना पेन्सिल अजून पेलत नाही. बळजबरी केलीस तर अक्षराचाच कंटाळा येईल. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या काढल्या, तेव्हा शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. ईराला चिंचोके वेचू दे, मटार सोलू दे, खडूने फरशीवर रेघोट्या ओढू दे.

तुझं खरं काम तिच्या कानाचं आहे. ग्वाल्हेरात शाळा हिंदी, खेळ हिंदीत. मराठी उरते ती घरात. लिपी एकच, त्यामुळे शाळेत वाचायला लागली की मराठीही वाचेल. मराठी पुस्तकांतल्या ल आणि श यांचं वळण वेगळं दिसेल, तेवढं दाखव. पण कधी कानावर न पडलेला शब्द अक्षरं जुळवूनही तिला कळणार नाही. म्हणून रोज रात्री ओळीखालून बोट फिरवत एक गोष्ट मोठ्याने वाच. तीच पुन्हा मागितली तर तीच वाच. मध्येच एखादा शब्द गाळ, ती भरेल. कधी तिच्या बाबांनीही वाचावी. भा. रा. तांबे तर ग्वाल्हेरचेच राजकवी. त्यांच्या कविता अर्थ न सांगताही ऐकव.

ती केळ्याला 'केला' म्हणते, असं लिहिलंस. शाळेच्या हिंदी वर्णमालेत ळ नाही, तो घरातूनच यायला हवा. टोकू नकोस. 'केळं सोलून देऊ का?' असं तूच स्वच्छ बोल. डोळे, जांभूळ, सावळा, खेळ असे शब्द दिवसभर तिच्या कानावर पडू देत.

थंडीत बाजारात महाराज बाड्यावर गेलीस की गजकाच्या दुकानापाशी थांब. 'गजक'मध्ये तीन अक्षरं, काना-मात्रा एकही नाही! आधी पाटीवरचा शब्द बोटाने दाखव, मग खाऊ घे. ऱ्हस्व वेलांटीची मात्र घाई नको. ती काढायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. मुलं तिथे हमखास अडखळतात.

मोठ्या चित्रांची चार पुस्तकं पाठवते आहे. काचेच्या कपाटात ठेवू नकोस, तिच्या हाताला लागतील अशी खाली ठेव. फाटली तर चिकटव, आणखी पाठवीन.

तुझी,
आत्या