आधी डोळे, मग आकडा

एडिसन, न्यू जर्सी

चि. निखिल,

तुझा फोटो मिळाला. 'इन्क्रेडिबल हल्क'चा १८१वा अंक, प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत, वर सीजीसी या तपासणी-कंपनीचं लेबल, त्यावर ९.० हा स्थितीचा आकडा आणि खाली तुझा प्रश्न : "मावशी, बोनस आलाय, घेऊन टाकू का?" घेऊन टाकायला ती काय मेथीची जुडी आहे? तू आकडा पाहिलास, लेबलचा रंग पाहिला नाहीस. तो हिरवा आहे.

निळं लेबल असेल तर अंकाची सगळी भली-बुरी स्थिती त्या आकड्यात आली, असं समजायचं. हिरव्या लेबलवर आकडा देताना एखादी मोठी खोट बाजूला ठेवलेली असते आणि ती बारीक अक्षरात लिहिलेली असते. १८१मध्ये ती खोट बहुतेक वेळा एकच. १९७४ साली मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक चौकोनी तिकीट छापायला सुरुवात केली. पोरांनी ते कापायचं, वहीत चिकटवायचं, संच पुरा करायचा. आम्ही काडेपेटीचे छाप जमवायचो तसंच. २५ सेंटांचा अंक. त्यात वुल्व्हरिन नावाचं पात्र पहिल्यांदा धड दिसतं आहे, याचं तेव्हा कुणाला काय कौतुक? कात्री चालली. आज बाहेरून अंक कोराकरकरीत आणि आत पत्रांच्या पानाला खिडकी. पेटी बंद, त्यामुळे तुला ती दिसायची नाही. विकणारा खोटं एक अक्षर बोललेला नाही, हेही बघ. लेबलची खालची ओळ वाचता येईल असा फोटो माग, मग बोलू.

तुझ्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं ते मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये 'सुपरमॅन'चा १९३९ सालचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरला गेला. कॅलिफोर्नियातल्या तिघा भावांना तो आई गेल्यावर माळ्यावरच्या खोक्यात सापडला. बातमीत किंमत मोठ्या टाइपात असते. मला त्यातला माळा महत्त्वाचा वाटतो. तिथली हवा थंड होती आणि खोक्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता.

दहा सेंटांची ही पुस्तकं जपून ठेवायची म्हणून कुणी घेतलीच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सरकारने रद्दी मागितली, पोरांनी गठ्ठेच्या गठ्ठे नेऊन दिले. १९५४च्या सुमारास कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी हाकाटी झाली, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, गावोगावी होळ्या पेटल्या. उरलंसुरलं आयांनी झाडून काढलं. एवढ्यातून जे वाचलं ते दुर्मीळ. उलटं उदाहरण आमच्याच घरात आहे. १९९२मध्ये सुपरमॅन मरतो तो अंक आला, काळ्या पिशवीत, सोबत हाताला बांधायची काळी पट्टी. माझ्या आदित्यसाठी मी थंडीत रांगेत उभी राहिले आणि वर शहाणपणा करून चार प्रती घेतल्या, मुलांच्या कॉलेजची सोय म्हणून! त्या रांगेतल्या प्रत्येकाचा तोच बेत होता. सगळ्यांनीच पिशव्या न उघडता जपल्या, त्यामुळे आज एका पिशवीत फार तर एक पिझ्झा येईल. आता दुकानदार तुला 'गुंतवणुकीसाठी खास कव्हर' म्हणून नवाकोरा अंक दाखवील तेव्हा ही रांग आठव.

मी पंचवीस वर्षं ग्रंथालयाच्या जतन-विभागात काढली. फाटलेलं पान जपानी कागदाने असं सांधायचं की सांधा बोटाला लागू नये, याबद्दल आम्हाला शाबासकी मिळायची. कॉमिक्सच्या बाजारात हेच पाप. कव्हरवरचा पांढरा चरा रंगाने झाकला, तुटलेला कोपरा नवा बसवला, कडा कापून सरळ केल्या, की लेबल जांभळं होतं आणि किंमत धाडकन खाली येते. मात्र तोच अंक वाफ आणि दाब देऊन इस्त्री केल्यासारखा सपाट केला तर तो 'दुरुस्त केलेला' ठरत नाही! लेबल निळंच राहतं आणि आकडा वर चढतो. हा दुजाभाव मला कधी पटला नाही, पण नियम बाजाराचे आहेत, माझे नाहीत.

आणि माझीच फजिती ऐक. सीजीसी २००० साली आली. त्याआधी विकणाऱ्याचा शब्द आणि आपले डोळे, एवढाच आधार. नव्वदच्या दशकात एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात मी 'डेअरडेव्हिल'चा पहिला अंक घेतला, १९६४चा. पंधरवड्याचा पगार मोजला. पुढे तो तपासणीला पाठवला आणि परत आला तो जांभळा होऊन. कण्यालगतच्या चऱ्यांवर कुणीतरी रंगाचं पेन फिरवलं होतं. कव्हर उघडून आतल्या बाजूने पाहिलं तर शाई कागदातून उतरलेली स्वच्छ दिसत होती. आयुष्यभर दुरुस्तीच केलेल्या बाईला दुरुस्ती दिसली नाही, कारण त्या दिवशी मला ती पाहायचीच नव्हती. पैसे खिशातून अर्धे बाहेर आले होते.

म्हणून पेटीतलं काही घेण्याआधी दहा-बारा सुटे, स्वस्त, सत्तरच्या दशकातले अंक घे. प्रत्येकाच्या कण्यावरच्या रेघा मोज. जिथे रंग तुटून पांढरं दिसतं ती घडी महाग पडते, नुसता वाक तितका नाही. पिना पाहा : गंज आहे का, कव्हर पिनेपासून सुटलंय का? पानं मोज. कागदाचा वास घे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे आतूनच जळत असतो, आंबूस वास आला की पानं पिवळी होऊन तुटायच्या वाटेवर आहेत. कड संशय यावा इतकी धारदार असेल आणि बाकी अंक थकलेला, तर पट्टीने रुंदी माप, कुणीतरी कापलंय. उलट साठच्या दशकाच्या आरंभीच्या मार्व्हलच्या कव्हरांची उजवी कड जागोजाग कुरतडल्यासारखी असते, ती मात्र छापखान्याच्या बोथट पात्याची करणी. मग पेन्सिलीने तुझा आकडा लिही. महिन्याने तोच अंक पुन्हा पाहून आकडा दे. दोन्ही वेळा वेगळा आला तर बिचकू नकोस. तपासणारीही माणसंच, पुन्हा पाठवलेला अंक कधी वेगळा आकडा घेऊन येतो. ९.६ आणि ९.८ यांच्यात डोळ्याला जेमतेम दिसणारा फरक असतो आणि किंमत कित्येकदा दुप्पट.

किमतीचं थोडक्यात सांगते. मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. हेरिटेजसारख्या लिलावात प्रत्यक्ष काय गेलं त्याच्या नोंदी पाहा, त्याच आकड्याच्या, त्याच रंगाच्या लेबलच्या, आणि त्यातही अलीकडच्या. कोविडच्या काळात, २०२१च्या आसपास भाव आभाळाला भिडले होते, पुढच्या दोन वर्षांत बरेच खाली आले. त्या वेळच्या विक्रीचा दाखला देऊन कुणी भाव सांगितला तर हसून पुढे जा. आणि लिलावाच्या रकमेत खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हाती तेवढं पडत नाही.

तुझ्या डोंबिवलीचा पाऊस मात्र मला छळतो. डेन्व्हरजवळ एडगर चर्च नावाचा जाहिरातींची चित्रं काढणारा गृहस्थ होता. त्याने नवेकोरे अंक घेऊन घरात थप्प्या रचल्या, वर्षानुवर्षं. १९७७मध्ये घरच्यांनी ते विकायला काढले तेव्हा अठरा हजारांहून जास्त अंक निघाले, तीस-चाळीस वर्षांनंतरही आतली पानं पांढरी. कोलोरॅडोची कोरडी हवा, अंधार आणि थप्पीचं वजन, एवढंच त्याचं जतन. तुझी भिंत जुलैत घाम गाळते. पेटी म्हणजे हवाबंद तिजोरी नव्हे, पिना आत बसून गंजतात. अंक मायलारच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा, उभे, बाहेरच्या भिंतीपासून लांब. सिलिका जेल चालेल, डांबराच्या गोळ्या नकोत.

आप्पांच्या कपाटातले इंद्रजाल कॉमिक्सचे खंड मात्र जिथे आहेत तिथेच राहू देत. त्यांनी सत्तरच्या दशकात वेताळ नि मँड्रेकचे मराठी अंक बाइंडरकडून शिवून, तिन्ही कडा कापून, कण्यावर सोनेरी अक्षरं घालून घेतले. बाजाराच्या हिशेबाने त्यांनी एकेका अंकाची कत्तल केली. गेल्या वेळी मी ते आडवी पडून सलग वाचले.

जानेवारीत येते आहे. येताना दोन 'डेअरडेव्हिल' आणीन, दोन्ही पेटीबाहेर काढलेले : एक तो माझा, दुसरा साधा, चुरगळलेला पण निखळ. कुठला कुठला ते मी सांगणार नाही. टॉर्च, भिंग आणि पट्टी तयार ठेव, आणि हात धुऊन कोरडे करून बस. तोवर बोनस बँकेत असू दे.

तुझी,
मावशी