केळीच्या काढणीआधी पिकअपचा हौदा तपासा

पाऊस ओसरतोय. कंदर, वाशिंबे, केतूर या उजनीकाठच्या पट्ट्यात आता केळी आणि ऊस दोन्हींची वाहतूक वाढेल. वर्षभर जपलेला घड बागेतून पॅकहाऊसपर्यंतच्या खडबडीत वाटेवर मार खातो, याचं फार वाईट वाटतं. हिरव्या केळीला बसलेला मार लगेच दिसत नाही. फळ पिकताना तो काळा पडतो. निर्यातीचा माल तोवर परदेशात पोचलेला असतो.

म्हणून हौद्याला अस्तर हवंच. पण कोणतं? गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा धुवायला सोपा, मात्र ब्रेक दाबला की क्रेट त्यावरून घसरत जातात. मागे ट्रेलर जोडला असेल तर गचके जास्त बसतात, तेव्हा असा पत्रा नकोच. तळाला खरबरीत रबर मॅट घाला, ती क्रेट धरून ठेवते. घड सुटे भरणार असाल तर मॅटवर फोमची गादी टाका, बाजूंना आणि फाळक्यालाही फोम लावा. फोम काढता येईल असाच बसवा, कारण केळीचा चीक वाळला की निघत नाही.

मॅटचं वजनही मोजा. 9 फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्यात 10 मिलिमीटर जाडीची मॅट 50 ते 60 किलो भरते. ट्रेलरच्या दांड्याचा भारही हुकावरून पिकअपवरच येतो. तेवढा माल कमी भरा आणि जड माल मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. मागचं टोक दबलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही.

आता आजच करायचं काम. मॅटचा कोपरा उचलून खाली हात फिरवा. मी उचलला तेव्हा खाली ओल होती, पोटॅश खताचे लालसर खडे चिकटलेले होते आणि पत्र्याचे पापुद्रे बोटाला लागले. पोटॅशमधला क्लोराइड ओलीत लोखंडाला झपाट्याने गंज चढवतो. अस्तर नुसतं अंथरलं की गंज झाकला जातो, थांबत नाही. मॅट काढून हौदा स्वच्छ धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. गंज तारेच्या ब्रशने खरवडा, रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग मारा. पाणी जायची भोकं मातीने बुजलेली असतात, ती खिळ्याने मोकळी करा.

खताची खेप टाकली की त्याच दिवशी मॅट काढून धुवा. दुसऱ्या दिवशी केळी भरायची असेल तर वरचा फोमही बदला.