परसातील पपई

उर्दूत आपण ज्याला पपीता म्हणतो, त्याच फळाला मराठीत पपई म्हणतात. पपई मूळची मध्य अमेरिकेकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत ती भारतात आली. तुमच्या घरामागे थोडी मोकळी, उन्हाची जागा असेल, तर तुम्हीही पपई लावू शकता.

पूर्ण पिकलेल्या पपईच्या बिया घ्या. प्रत्येक बीवर बुळबुळीत आवरण असते. त्यामुळे बी लवकर रुजत नाही. म्हणून बिया राखेत चोळा, धुवा आणि सावलीत सुकवा. भोके पाडलेल्या पिशवीत माती व शेणखत भरून त्या पेरा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतील. रोपे वीतभर उंच झाली की 45 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणा. त्यात माती व कुजलेले शेणखत भरा आणि तीन रोपे लावा. दोन खड्ड्यांत दोन-अडीच मीटर अंतर ठेवा.

एका खड्ड्यात तीन रोपे कशासाठी बरे? पपईत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी किंवा रोप पाहून ती ओळखता येत नाहीत. चार-सहा महिन्यांनी फुले आली की भेद कळतो. नर झाडाला लांब देठावर लहान फुलांचे घोस लोंबतात. मादी झाडाची फुले मोठी असून खोडालगत येतात. मग मादी झाड ठेवून बाकीची काढावीत.

मात्र सगळीच नर झाडे तोडू नका! फळ देत नाही म्हणून लोक नर झाडाला निरुपयोगी समजतात. पण त्याच्या परागाशिवाय मादी झाडाला फळ धरत नाही. दहा मादी झाडांना एक नर झाड पुरते. शेजाऱ्यांच्या अंगणात ते असेल, तरी चालते. जागा थोडी असेल, तर 'कूर्ग हनी ड्यू' किंवा 'तैवान 786' या जाती लावा. त्यांत नर झाडे नसतात.

झाडाला जीव लावणे म्हणजे त्याला भरपूर पाणी घालणे नव्हे. बुंध्याशी पाणी साचले, तर पपईची मुळे कुजतात आणि चांगले वाढलेले झाड कोलमडते. म्हणून बुंध्याला मातीची भर द्या. पाणी बुंध्यापासून दूर, गोल आळ्यात घाला. पावसाळ्यात चर खणून पाणी बाहेर काढा. पाने आखडून पिवळी पडली, तर तो विषाणूचा रोग असू शकतो. मावा नावाची कीड तो पसरवते. असे झाड उपटून टाकावे, म्हणजे इतर झाडे वाचतात.

लागवडीनंतर नऊ-दहा महिन्यांनी फळावर पिवळी रेघ दिसू लागते. तेव्हा फळ उतरवा. पिकलेल्या पपईतून 'अ' जीवनसत्त्व मिळते. कच्च्या पपईच्या चिकात पेपेन असते. कबाबच्या गोश्तला अम्मी कच्ची पपई वाटून लावतात, ते याचसाठी. पेपेनमुळे गोश्त मऊ होते.

या पावसाळ्याच्या सुरुवातीला एक खड्डा खणून पाहा. पुढच्या वर्षी पहिले फळ उतरवाल, तेव्हा एक फोड शेजाऱ्यांच्या घरीही पाठवा. कदाचित पराग त्यांच्याच झाडाचा असेल!

शब्दार्थ
परस – घरामागची मोकळी जागा
बुंधा – खोडाचा जमिनीलगतचा भाग
आळे – झाडाभोवती पाण्यासाठी केलेला खळगा
चर – पाणी वाहून जाण्यासाठी खणलेली अरुंद वाट

स्वाध्याय
1. बिया राखेत का चोळाव्यात?
2. नर व मादी झाड कसे ओळखाल?
3. 'जीव लावणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.