पाल्यांविषयी पालकांची कायदेशीर कर्तव्ये

मुलाच्या अन्नवस्त्राची सोय केली की आपले कर्तव्य संपले, अशी अनेक पालकांची समजूत असते. कायद्याची अपेक्षा याहून अधिक आहे. खेड्यात तो समजावून सांगणारा पुष्कळदा शिक्षकच असतो. म्हणून त्यातील मुख्य तरतुदी आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

(१) पालनपोषण : ऐपत असूनही जो पिता अल्पवयीन मुलास पोसत नाही, त्यास दरमहा पोटगी देण्याचा हुकूम दंडाधिकारी करू शकतात. (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १४४.) पित्याने दुसरा संसार थाटला, तरी ही जबाबदारी सुटत नाही.

(२) शिक्षण : सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य होय. (शिक्षण हक्क अधिनियम, २००९, कलम १०.)

(३) काम : चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात त्याने हातभार लावावयाचा तो शाळेची वेळ सोडून अथवा सुट्टीत, आणि तोही धोक्याच्या कामात नव्हे.

(४) विवाह : मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण होण्यापूर्वी विवाह लावून देणारे पालक शिक्षेस पात्र ठरतात.

यांपैकी दुसऱ्या कलमाचे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमात मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. २००९ च्या अधिनियमाने कर्तव्य सांगितले, परंतु पालकास शिक्षा सांगितली नाही. अर्थात हे कर्तव्य पार पडणे बहुतांशी समजावणीवर अवलंबून आहे.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा याची खरी कसोटी लागते. "धाकट्यास कोण सांभाळील?" असे म्हणून थोरल्या मुलीस फडावर नेले जाते. अशा वेळी कायद्याचा धाक घालून काही साधत नाही. पालकाची अडचण प्रथम ऐकून घ्यावी. मुलगी आजी-आजोबांपाशी अथवा हंगामी वसतिगृहात राहू शकेल काय, हे पाहावे. जाणे अटळच असेल, तर तिला शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि कारखान्याजवळील शाळा गाठण्यास पालकास बजावावे. दाखला नाही या सबबीवर तेथील शाळेस तिला परत पाठविता येत नाही, हेही त्यास सांगावे.

टोळी गेल्यावर केलेली चौकशी निरुपयोगी ठरते. म्हणून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वीच तयार करावी व प्रत्येक घरी एकदा तरी जाऊन यावे.