वंशावळीचा आधार किती पक्का? फ्रेंच-कॅनेडियन संदर्भग्रंथांची पारख

छापील ग्रंथात एखादे नाव आणि त्यापुढे तारीख दिसली की ती खरी मानण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. ग्रंथ जाडजूड असला, त्याचा कर्ता विद्वान धर्मगुरू असला आणि तो शंभराहून अधिक वर्षे वापरात असला, तर शंका घेणे हा उद्धटपणाच वाटू लागतो. ही सवय मोडण्यासाठी कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या वंशावळींचा अभ्यास फार उपयोगी पडतो. तेथे मूळ नोंदीही विपुल आहेत आणि त्यांवरून रचलेले ग्रंथही. त्यामुळे दोहोंची गाठ घालून पाहता येते.

इ. स. १६०८ मध्ये शांप्लँ याने क्वेबेकची वसाहत स्थापन केली. तेथील प्रत्येक कॅथलिक पॅरिशचा पाद्री बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद वहीत करीत असे. फ्रान्सच्या राजाने १६६७ मध्ये काढलेल्या आज्ञेनुसार या वह्या दोन प्रतींत ठेवावयाच्या होत्या. एक चर्चकडे राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. १७६३ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेल्यावरही ही परंपरा टिकली. विशेष म्हणजे या नोंदींत विवाहित स्त्री दफनापर्यंत माहेरच्याच नावाने येते. सासरच्या आडनावाआड पणजी हरवून जाण्याचा जो अनुभव आपल्याकडे घरोघरी येतो, तो तेथील संशोधकाला फारसा येत नाही.

तथापि मूळ नोंद म्हणजे निर्दोष नोंद नव्हे. १६४० मध्ये क्वेबेकचे चर्च जळाले व त्यासोबत तोवरच्या वह्याही नष्ट झाल्या. पुढे त्या लोकांच्या स्मरणावरून पुन्हा लिहिल्या गेल्या. त्यापूर्वीची तारीख वाचताना ती कागदावरची नसून आठवणीतली आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. वयाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. १६६६, १६६७ आणि १६८१ च्या शिरगणतींत एकाच माणसाची वये एकमेकांशी जुळत नाहीत, असे वारंवार आढळते. आपल्या मागच्या पिढ्यांतील कितीतरी जणांची शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख १ जून आहे. ती गुरुजींनी सोयीने घातलेली असते, हे आपण जाणतो. त्याच जाणिवेने ती वये वाचावीत.

आता ग्रंथांकडे वळू. फादर सिप्रियाँ तांगे (१८१९–१९०२) यांनी कॅनेडियन कुटुंबांचा वंशकोश सात खंडांत, १८७१ ते १८९० या काळात प्रसिद्ध केला. संगणक तर नव्हताच, छायाप्रतीही नव्हत्या. अशा काळात एका माणसाने केलेले हे काम पाहून मन थक्क होते. परंतु एका नावाच्या दोन व्यक्तींना एक मानणे, मुलांना भलत्याच जोडप्याच्या पदरी घालणे, वाचनात नावे बिघडणे असे दोष त्यात पुष्कळ शिरले. विसाव्या शतकाच्या मध्यास लबफ यांनी केवळ तांगेंच्या कोशाला जोड म्हणून पुरवणी ग्रंथ सिद्ध केला, यावरून कामाची व्याप्ती कळावी. तरीही आजसुद्धा अनेक कौटुंबिक वंशवृक्ष तांगेंवरून उतरवलेले असतात. असे दहा वृक्ष एकमेकांशी जुळले तर ते दहा पुरावे होत नाहीत. एकाच ग्रंथाचे ते दहा प्रतिध्वनी असतात. माझ्या मते नवशिक्या अभ्यासकाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते.

रेने जेते यांचा १७३० पर्यंतच्या कुटुंबांचा कोश १९८३ मध्ये आला. माँट्रियल विद्यापीठाने १९६६ मध्ये सुरू केलेल्या ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राच्या संशोधन-प्रकल्पाचा आधार त्यामागे होता. त्याचे मोल अचूकतेइतकेच प्रामाणिकपणात आहे. वय शिरगणतीतून घेतले असेल तर कोणत्या वर्षाच्या शिरगणतीतून, हे जेते सांगतात. त्यामुळे वाचकाला विधानाचे वजन स्वतः करता येते. पुढे या कोशालाही दुरुस्त्या जोडाव्या लागल्या, आणि त्या जोडल्या गेल्या हे त्याच्या विश्वसनीयतेचेच लक्षण होय. द्रुएँ संस्थेने १९४० च्या दशकात वह्यांच्या ज्या सूक्ष्मचित्रफिती काढल्या, त्यांत तर मूळ पानच डोळ्यांसमोर येते. मात्र ते पान दुसऱ्या प्रतीचे असल्यास नक्कल करताना एखादा शब्द गळला असण्याचा संभव उरतोच.

तेथील 'दी' नावांचाही उलगडा केला पाहिजे. 'दी' म्हणजे 'म्हणून ओळखला जाणारा'. मिव्हिल दी देशेन या कुटुंबाचे काही वंशज मिव्हिल झाले, काही देशेन. केवळ आडनावाच्या सूचीवर विसंबणारा अभ्यासक अर्धे कुटुंब गमावतो. याच घराण्यातील जाक मिव्हिल याचा विवाह १६६९ मध्ये कातरीन द बायों हिच्याशी झाला. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने वसाहतीत आलेल्या सुमारे पावणेआठशे तरुणींपैकी ती एक. ती शार्लमेन सम्राटाच्या वंशातील असल्याचे जेते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पिढी-पिढीला कागद दाखवून मांडले. राजवंशाचे दावे बहुधा हौसेपोटी केलेले असतात. हा दावा कागदांच्या बळावर मांडलेला आहे.

हा खटाटोप हौशी मंडळींपुरता मर्यादित नाही. २००३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाव्ली खटल्यात मेती समाजाचे पारंपरिक शिकारीचे हक्क मान्य केले. त्यानंतर क्वेबेक व पूर्व कॅनडात, सतराव्या शतकातील एखाद्या पूर्वज स्त्रीच्या आधारे स्वतःला मूलनिवासी म्हणवणाऱ्यांची संख्या वाढली. डॅरिल लरू यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात या दाव्यांची छाननी केली आणि मूळच्या फ्रेंच असलेल्या काही स्त्रियांना वंशावळीत मूलनिवासी ठरवले गेल्याचे दाखवले. खऱ्या मूलनिवासी समाजांच्या जमिनीचा, शिकारीचा आणि वाटाघाटींतील स्थानाचा प्रश्न अशा एका ओळीशी येऊन भिडतो. त्या स्त्रीच्या विवाहनोंदीत आईबापांची नावे व फ्रान्समधील गाव दिले आहे काय, नोटरीपुढील विवाहकरारात तेच गाव येते काय, आणि त्या गावच्या वहीत तिचा बाप्तिस्मा सापडतो काय, हे तपासल्यावाचून ती ओळ स्वीकारता येत नाही.