लेखकामागून आलेल्या गोष्टी

पूनम सागर,
मीरा रोड (पूर्व)

चि. भाचीस,

'रमलखुणा' वाचून झाल्यावर तू जी. ए. कुलकर्णींची मरणोत्तर पुस्तकं मागितलीस, याचा फार आनंद झाला. देते. पण आधी थोडं ऐक.

जी. ए. कुलकर्णी ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर १९८८ साली 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' आलं, मग 'कुसुमगुंजा', 'आकाशफुले' आणि १९९१ साली 'सोनपावले'. चारही पुस्तकांवर नाव त्यांचंच. मात्र ती छापून हातात आली तेव्हा पाहायला ते नव्हते.

हा फरक लहान नाही. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा हा माणूस स्वतःच्या पुस्तकाबाबत विलक्षण काटेकोर होता. 'काजळमाया' या कथासंग्रहाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, आणि जी.एं.नी पुरस्कार सरळ परत केला. असा लेखक हयातीत जो संग्रह बाहेर सोडतो, त्यावर त्याचा शेवटचा हात फिरलेला असतो. मागून आलेल्या संग्रहाबद्दल तशी खात्री देता येत नाही. म्हणून 'सोनपावले' हाती घेताना त्याला हयातीत आलेल्या 'पिंगळावेळ'च्या मापाने मोजू नये. 'स्वामी' किंवा 'ऑर्फियस' या कथा लिहिणारा हात कुठून कुठवर गेला, हे त्यात शोधावं. तो शोध मला तरी फार मोलाचा वाटतो.

मागून आलेल्या पुस्तकात लेखकाचा हात किती, हा प्रश्न इंग्रजी लेखक टॉल्किनच्या वाचकांनाही पडला. तो १९७३ साली वारला आणि 'द सिल्मरिलियन' १९७७ साली निघालं. मुलगा ख्रिस्तोफर याने गाय गॅव्हरिएल के या तरुणाच्या मदतीने विस्कळीत हस्तलिखितांतून सलग गोष्ट जुळवली होती. पुढे त्यानेच १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड काढून वडिलांचे वेगवेगळे खर्डे टिपांसकट वाचकांपुढे ठेवले. कोणतं वाक्य वडिलांचं आणि कुठे आपण सांधा जोडला, हे उघड करणारा संपादक मिळणं हे वाचकाचं भाग्य. मराठीत असं काम जी.एं.च्या वाट्याला यायला हवं.

पत्रांचं मात्र वेगळं. 'जी.एं.ची निवडक पत्रे' याच्या पहिल्या खंडात लेखिका सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रं आहेत. लोकांपासून दूर राहणारा हा माणूस तिथे मोकळेपणी बोलतो. पण ते बोलणं एका व्यक्तीशी होतं, आपल्याशी नव्हे. कथांचे अर्थ लावण्यासाठी पत्रांची किल्ली लगेच फिरवू नकोस. आधी कथा दोनदा वाच.

आणि 'रमलखुणा'तली 'इस्किलार' पुन्हा वाचायची असेल तर ती सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये नको; गर्दीत तिचा धागा तुटतो. गाडीत 'सांजशकुन' चालेल, त्यातले तुकडे छोटे आहेत.

चारही पुस्तकं रविवारी घेऊन जा. प्रत्येक कथा पहिल्यांदा कधी, कुठे छापली गेली याची माहिती मिळेल तिथे पेन्सिलीने समासात लिही, आणि वाचून झाल्यावर मला सविस्तर कळव.

तुझी,
मावशी