जलविमाने आणि आक्रमक पाणवनस्पती : प्रतिबंधाचे अर्थशास्त्र

अमेरिकेतील अलास्का राज्यात रस्त्यांचे जाळे अत्यंत विरळ असल्याने दुर्गम वस्त्या व तळी यांच्याशी संपर्कासाठी जलविमानांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहावे लागते. अँकरेज येथील लेक हूड हे जगातील अतिशय वर्दळीचे जलविमानतळ आहे. याच तळ्यात २०१५ मध्ये ‘एलोडिया’ ही आक्रमक पाणवनस्पती आढळली. तेथून उडणारे प्रत्येक विमान संभाव्य वाहक ठरू शकत असल्यामुळे त्याच वर्षी तणनाशकाचा वापर करण्यात आला.

प्रसाराचे स्वरूप

एलोडियाच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे रोप तयार होते. असे तुकडे विमानाच्या फ्लोटवर, सुकाणूत व त्याच्या तारांत अडकतात आणि काही तासांत शेकडो किलोमीटर दूरच्या निर्मळ तळ्यात पोहोचतात. दाट वाढीमुळे प्रवाह मंदावतो, गाळ साचतो व सामन माशांच्या अंडी घालण्याच्या जागा धोक्यात येतात. मच्छीमारांची उपजीविका याच माशांवर अवलंबून आहे.

खर्च कोणाचा, नुकसान कोणाचे?

उपाय साधा आहे. उड्डाणापूर्वी फ्लोट व सुकाणू तपासणे, वनस्पतीचे तुकडे काढून टाकणे, फ्लोटमध्ये साचलेले पाणी उपसणे आणि शक्य तेव्हा फ्लोट पूर्ण वाळू देणे. यासाठी वैमानिकाला थोडा वेळ खर्च करावा लागतो. दुर्लक्षाची किंमत मात्र मच्छीमारांना व शासनाला मोजावी लागते. अर्थशास्त्रात यास ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. शिवाय नव्व्याण्णव वैमानिकांची दक्षता एकाच्या निष्काळजीपणाने वाया जाऊ शकते. म्हणूनच केवळ आवाहन पुरेसे नाही. तळावरील तपासणी, धुण्याची सोय व नियम यांची जोड आवश्यक ठरते. जैवविविधताविषयक आंतरशासकीय मंच ‘आयपीबीईएस’च्या २०२३ मधील अहवालानुसार आक्रमक परकीय प्रजातींमुळे होणारी जागतिक हानी २०१९ मध्ये वार्षिक ४२३ अब्ज डॉलरहून अधिक होती.

भारतासाठी बोध

साबरमती ते केवडिया ही ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेली जलविमानसेवा पुढे बंद पडली. तथापि, नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा–श्रीशैलम व कोची–माट्टुपेट्टी मार्गांवर प्रायोगिक उड्डाणे झाली. जलपर्णीच्या विळख्याचा अनुभव आपल्या नद्या व तलावांना आहेच. एकदा पसरलेली वनस्पती काढण्यासाठी वर्षानुवर्षे खर्च करावा लागतो. म्हणून जलविमानतळांच्या आराखड्यातच तपासणी व स्वच्छतेची तरतूद करणे अधिक किफायतशीर ठरेल. प्रतिबंधाचा खर्च अल्प व निश्चित असतो. निर्मूलनाचा खर्च मोठा आणि त्याचे यश अनिश्चित असते.